रंगाच्या हौदातली कासवं

आमच्या अंगणात सिमेंटचा एक हौद आहे. सात फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल. आजोबांच्या काळात घरी माग होते तेव्हा त्यात सूत रंगवायचे. माग कधीच विकले गेले, हौद राहिला, कारण आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि सोलापुरात साठवणीची जागा कुणी पाडून टाकत नाही. २०२० साली आईची समजूत घालून तो हौद मी कासवांसाठी मागून घेतला. वेगवेगळी कासवं एकत्र ठेवली तर चालतात का, असं आता ओळखीचे लोक मला विचारतात. उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून घडलं तसं सगळं लिहितो.

सुरुवात दोन पिल्लांपासून झाली. डिसेंबर २०१८ मध्ये मुलीच्या हट्टापायी माशांच्या एका दुकानातून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, पोपटी रंगाची दोन पिल्लं आणली. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली ही रेड इअर्ड स्लायडर जात. मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली, पण आता जगभर पाळीव म्हणून विकली जाते. दुकानदार म्हणाला, एवढीच राहतात, दिवसाला दोन वाळक्या कोळंब्या टाका, बास. यातली एकही गोष्ट खरी नव्हती. मादी वाढत वाढत ताटाएवढी होते, पंचवीस सेंटिमीटरच्याही पुढे जाते, आणि नीट सांभाळलं तर ही कासवं वीस-तीस वर्षं सहज जगतात.

मुलीने एकीचं नाव ठमी ठेवलं, दुसऱ्याचं बाळू. वर्षभर ती काचेच्या पेटीत, खिडकीजवळ होती. ऊन मिळतंय असं आम्हाला वाटायचं. पण काचेतून उजेड येतो, ऊबही येते. हाडांना आणि पाठीला लागणारे अतिनील किरण मात्र काच अडवते. बाळूची पाठ बोटाने दाबली तर किंचित दबायला लागली आणि ठमीचे डोळे सुजून बंद झाले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळे जीवनसत्त्व ‘अ’च्या कमतरतेने सुजलेत आणि पाठ ऊन व चुना, म्हणजे कॅल्शियम, न मिळाल्याने मऊ पडलीय. नुसती वाळकी कोळंबी खाऊन दुसरं काय होणार! तेव्हापासून लाल भोपळा, गाजर, थोडी मेथी, गांडुळं, अधूनमधून लहान मासा असं खाणं सुरू केलं. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणून पाण्यात तरंगत ठेवला. तो ती कुरतडून खातात, त्यातून चुना मिळतो. आणि उघड्यावरचं खरं ऊन मिळावं म्हणून हौद मागितला.

हौद घासायला दोन रविवार गेले. जुन्या रंगाचा एक निळसर थर तळाला होताच. घासून, पाणी भरून, चार दिवसांनी सोडून द्यायचं, असं पाच वेळा केलं तेव्हा कुठे पाणी स्वच्छ राहिलं. दीड फूट पाणी म्हणजे साधारण बाराशे लिटर होतं. एवढं पाणी सोलापुरात कासवांसाठी, यावर शेजारी बोललेच. पण बदललेलं पाणी नारळाला आणि जास्वंदीला जातं, आणि त्या दोन्ही झाडांकडे बघून आता कुणी बोलत नाही.

दोघं हौदात सुखाने होती. मग डिसेंबर २०२१ मध्ये पिवळी आली. एका नातेवाइकांची पुण्याला बदली झाली, तिथल्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, त्यांनी कासव आमच्याकडे दिलं. यलो बेलीड स्लायडर, म्हणजे ठमी-बाळूच्याच जातीची दुसरी उपजात. गालावर रुंद पिवळा पट्टा, पोट पिवळं. सतरा सेंटिमीटरची, ठमीपेक्षा तीन सेंटिमीटर मोठी. मी तिला त्याच संध्याकाळी हौदात सोडलं. नवीन जनावर आधी दोन-तीन महिने वेगळं ठेवायचं असतं, त्याला काही रोग असेल तर तो तेवढ्यात दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या अंगावर काही नव्हतं म्हणून निभावलं.

पहिला महिना इतका शांत गेला की मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, कसे मिळून-मिसळून राहतात. आई म्हणाली, ‘‘कासवच ते, देवळात देवासमोर बसणारं जनावर. ते कशाला भांडंल?’’ मलाही तसंच वाटायचं.

शांततेचं कारण वेगळं होतं. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, पाणी जेवढं गार तेवढं ते मंद. डिसेंबरात आमच्या हौदाचं सकाळचं पाणी अठरा-एकोणीस अंशांवर असायचं. त्या पाण्यात ती जेमतेम खायची, दिवसभर एका जागी पडून राहायची. भांडायला लागणारी ताकदच नव्हती. संक्रांत गेली, महाशिवरात्र जवळ आली, दुपारचं ऊन चटकायला लागलं, पाणी पंचवीस-सव्वीसवर गेलं, आणि हौद बदलला.

आधी उन्हाच्या जागेवरून सुरू झालं. हौदात मी दोन विटांवर एक फरशी ठेवली होती, चढून ऊन खायला. एवढी एकच जागा. ठमी त्यावर बसली की पिवळी मागून यायची, तिच्या पाठीवर चढायची, चारही पाय पसरून वर बसायची. आम्ही फोटो काढले. मुलीने वर्गात दाखवले. ‘एकमेकींना मिठी मारतात’ असं सगळे म्हणायचे. एके दिवशी सुट्टी होती म्हणून मी सकाळी नऊ ते बारा हौदाच्या कडेवर बसून राहिलो, नुसतं बघत. पिवळी वर चढली की ठमी मान आत ओढून घ्यायची. पाच-सात मिनिटांनी खालून सरकायची, पाण्यात पडायची, आणि मग पिवळी सबंध फरशीवर एकटी. तीन तासांत ठमीला अंग पुरतं कोरडं होईल एवढा वेळ एकदाही बसता आलं नाही. कासवाला रोज पूर्ण कोरडं व्हावं लागतं, नाहीतर पाठीवर बुरशी धरते आणि अन्नही नीट पचत नाही. ज्याला आम्ही मिठी म्हणत होतो ती ठमीची रोजची उपासमार होती, उन्हाची.

दुसऱ्याच दिवशी तीन जागा वाढवल्या. दोन कोपऱ्यांत विटांचे ओटे, मध्ये बाभळीचा एक जाड ओंडका. ओट्यांमध्ये हाताएवढं अंतर ठेवलं, म्हणजे एकीवरून दुसरीकडे पोचायला पाण्यात उतरावंच लागतं. चढाचढी संपली नाही, पण खूप कमी झाली. तिघं तीन ठिकाणी बसलेली दिसायला लागली, पाय मागे ताणून, बोटं फाकवून. निवांत कासव असं बसतं. मान आणि पाय आत ओढून बसलेलं कासव निवांत नसतं, हे मला त्या तीन तासांनी शिकवलं.

खाण्याचं भांडण जास्त रक्ताचं. गांडूळ पाण्यात पडलं की तिघं एकदम झेपावत. कासवाला दात नसतात, पण जबड्याची कडा अडकित्त्यासारखी असते, आणि घाईत समोर हललं ते खायचं एवढंच त्याला कळतं. मार्चमध्ये बाळूच्या पुढच्या पायाची एक नखी गेली. पाण्यात लालसर धागा दिसला तेव्हा आधी मला ते गांडूळच वाटलं. त्या दिवसापासून खाणं वेगळ्या टोपल्यांत. तीन प्लास्टिकच्या टोपल्या, प्रत्येकीत वीतभर पाणी, वीस मिनिटं, मग परत हौदात. हात साबणाने धुवायचे, टोपल्या स्वयंपाकघरात आणायच्या नाहीत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. अमेरिकेत तर याच कारणाने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. या वेगळ्या जेवणाचा आणखी एक फायदा झाला. कोण किती खातं ते कळायला लागलं. ठमी महिनाभर अर्धपोटीच होती, हे तेव्हा लक्षात आलं.

आता चौथ्या कासवाच्या नऊ दिवसांबद्दल.

जून २०२२, पहिला जोराचा पाऊस झाला आणि मोहोळकडचा मावसभाऊ बादलीत एक कासव घेऊन आला. कांद्याच्या रानात बांधावर सापडलं म्हणे. ‘‘दादा, तुझ्याकडं तीन हायतच, ह्याला बी घे. इथं राहिलं तर कुत्री फाडतील.’’ चपटं, हिरवट-तपकिरी, पाठ कठीण नाही, तर वर ओल्या चामड्यासारखी गुळगुळीत त्वचा. नाक नळीसारखं पुढे. उलटं केलं की पोटाच्या मागच्या बाजूला दोन झडपा, पाय आत घेतले की त्या दारासारख्या मिटतात. हे आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव, इंग्रजी नाव फ्लॅपशेल. विहिरी, तळी, कालवे, भातखाचरं यांत राहतं, पाणी आटलं की चिखलात स्वतःला पुरून घेतं आणि पहिल्या पावसात बाहेर पडून नवं पाणी शोधत चालायला लागतं. मावसभावाला ते त्या प्रवासातच सापडलं होतं.

मी ते हौदात सोडलं. नको होतं सोडायला.

त्याने तळाच्या वाळूत स्वतःला असं गाडून घेतलं की दोन दिवस ते हौदात आहे की नाही हेच कळेना. फक्त दर थोड्या वेळाने नाकाची नळी वर यायची. स्लायडर दिवसा उन्हात, हे मात्र रात्री हिंडायचं. बॅटरी घेऊन बघितलं तेव्हा ते कडेकडेने, भिंतीला नाक लावून, एकाच दिशेने फिरत होतं, तासन् तास. तिसऱ्या रात्री ठमी त्याच्या अंगावरून गेली. ते इतक्या वेगाने वळलं आणि मान इतकी लांब आली की मी मागे सरकलो. कासवाची मान एवढी लांब असू शकते हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्याचं तोंड ठमीच्या कवचाच्या कडेवर आपटलं, पाय थोडक्यात वाचला.

पण खरं नुकसान त्याचंच झालं. स्लायडरच्या नखांनी स्लायडरच्या पाठीला काही होत नाही, कठीण असते. याच्या पाठीवर मात्र पाचव्या दिवशी ओरखडे दिसले, सातव्या दिवशी त्यातले दोन पांढरट, फुगीर झाले. वाळूत लपावं तर तिथेही ही तिघं तुडवत जात. नवव्या दिवशी मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी टोपलीत डोकावलं आणि जखमेआधी मला विचारलं, ‘‘हे कुठून आणलं?’’ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे, म्हणजे वाघाला जो दर्जा तोच याला. पकडणं, पाळणं, विकणं, सगळा गुन्हा. देशी कासव घरात ठेवता येत नाही ही साधी गोष्ट मला साडेतीन वर्षं कासवं सांभाळून माहीत नव्हती.

त्यांच्यासमोरच वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन लावला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. कर्मचारी आले, सगळं विचारून लिहून घेतलं. कासव नेमकं कुठे सापडलं, कोणत्या गावच्या शिवारात, जवळ पाणी कोणतं, यावर त्यांचा सगळा भर होता, कारण जखम भरली की त्याच भागात सोडायचं असतं. मावसभावाला फोन जोडून दिला. जाताना त्यांच्यातल्या एकाने हौदाकडे बघून सांगितलं, ‘‘ही विदेशी आहेत. ही कधी तलावात सोडू नका.’’

हे त्यांनी बरं केलं, कारण कंटाळलेल्या माणसाला सोलापुरात पहिला सल्ला मिळतो तो हाच. कंबर तलावात सोड, सिद्धेश्वर तलावात सोड, पुण्यही लागेल. मलाही दोघा-तिघांनी सांगितलं होतं. रेड इअर्ड स्लायडर जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. माझ्या हौदात एका फरशीवरून पिवळीने ठमीला जसं हटवलं, तसंच तलावाकाठच्या प्रत्येक दगडावरून ते देशी कासवाला हटवतं, त्याचं खाणं संपवतं, पाळीव जनावराचे रोग त्याच्यात पसरवतं. नऊ दिवसांत बाराशे लिटरमध्ये जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून हे ठामपणे लिहितो.

त्यानंतर एकाने चांदण्यांची नक्षी असलेलं कासव ‘गुपचूप’ आणून देतो, पाण्यातल्यांबरोबर ठेव, असं सुचवलं. त्याला मी अंगणातूनच परत पाठवलं. ते कासव जमिनीवरचं, त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात पडलं तर बुडून मरतं. आणि त्याचा व्यापार इतका बोकाळलाय की २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याला सर्वांत कडक यादीत टाकावं लागलं.

आता राहिला बाळू. नर वयात आला की त्याच्या पुढच्या पायांची नखं विलक्षण लांब होतात. बाळूची तर माद्यांच्या दुप्पट. तो ठमीसमोर मागे मागे पोहत राहायचा, तिच्या तोंडाला तोंड लावून, दोन्ही हात पुढे करून, पंजे बाहेर वळवून ती नखं तिच्या गालांजवळ थरथरवायचा. इतकी जलद की नुसती धूसर दिसायची. मुलगी म्हणायची, ‘‘बाबा, बाळू टाटा करतोय.’’ बघायला फार सुंदर. हे त्यांचं प्रियाराधन, आणि नदीत मादीला नको असेल तर ती निघून जाते. सात फुटांच्या हौदात कुठे जाणार? तो सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत तिच्या मागे. तिच्या मानेवर आणि शेपटीजवळ चावे दिसायला लागले. ती ओट्यावर चढून बसायची ती खालीच उतरायची नाही, संध्याकाळीसुद्धा. पिवळीच्या वाटेला तो फारसा जायचा नाही, तिने एकदाच त्याला चावून सांगितलं होतं.

दिवाळीत मी हौदाचे दोन भाग केले. आधी लोखंडी जाळी लावली. चूक होती. बाळू दिवसभर जाळीला नाक लावून पलीकडे नखं थरथरवत राहायचा, ठमी पलीकडच्या कोपऱ्यात. आठ दिवसांत त्याच्या नाकावरची कातडी सोलली. मग जाळी काढून शहाबादी फरशी उभी केली, खाली पाणी जायला बोटभर फट ठेवून. दिसणं बंद झालं तसं तिसऱ्या दिवसापासून त्याचा तो ध्यास उतरला. आता तो त्याच्या भागात खातो, पोहतो, ओंडक्यावर बसतो. ज्यांना जागा विभागायची आहे त्यांनी आरपार दिसेल असं काही लावू नये, एवढं माझ्या खर्चाने शिकून घ्या.

मे महिन्याचं एक सांगायलाच हवं. दुपारी तीनला पारा त्रेचाळीसवर असतो तेव्हा उघड्या हौदाचं पाणी पस्तीस अंशांपर्यंत गेलेलं मी मोजलंय. तेवढ्या पाण्यात ती धापा टाकतात. फेब्रुवारी संपला की दोन तृतीयांश हौदावर हिरवी शेडनेट, आणि सकाळचं ऊन पडेल तेवढा भाग उघडा.

मार्च २०२३ मध्ये ठमीने खाणं सोडलं. बाळू तर पलीकडे होता. ती दिवसभर भिंतीवर मागच्या पायांनी उभी राहून पुढच्यांनी खरवडत राहायची. पिवळीचा त्रास असेल म्हणून दोन दिवस पिवळीला टबात ठेवलं, फरक नाही. एक्स-रे काढला तेव्हा पोटात अंडी दिसली. कासव पाण्यात राहत असलं तरी अंडी जमिनीतच घालतं. माती मिळाली नाही तर ती अडवून धरतं, आणि अडलेल्या अंड्यांनी मादी मरू शकते. मी चार वर्षांत तिला उन्हासाठी विटा दिल्या होत्या, हातभर माती दिली नव्हती.

त्याच दुपारी एका जुन्या लाकडी खोक्यात वाळू आणि कुंडीतली माती मिसळून फूटभर थर केला, पाणी शिंपडलं आणि फळीचा उतार लावून खोकं हौदाला जोडलं. ती संध्याकाळी सहाला वर आली. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो, दिवा न लावता. तिने मागच्या पायांनीच खणायला घेतलं, आधी डावा, मग उजवा, पाय वाटीसारखा करून माती बाहेर ठेवत. वळून एकदाही बघितलं नाही. माती कोरडी लागली की स्वतःच्या अंगातलं पाणी सोडून ती भिजवायची. दीड तासाने सात अंडी झाली, पांढरी, लांबट, लिंबापेक्षा लहान. प्रत्येक अंडं पडलं की ती मागच्या पायाने ते हलकेच बाजूला सारायची. मग माती ओढून खड्डा भरला, आणि पोटाने वरून घासून जागा अशी सपाट केली की कुठे खणलं होतं ते शोधावं लागलं असतं.

ती अंडी उबवायची नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं. आणखी सात स्लायडर सोलापुरात कुणाच्या घरी जातील आणि तिथून कोणत्या तलावात, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्याच रात्री ती काढून, दोन पिशव्यांत बांधून फ्रीझरमध्ये ठेवली. आई काही बोलली नाही, देवघरात जाऊन बसली. मुलीने विचारलं, ‘‘तिला कळेल का?’’ मी म्हणालो, ‘‘नाही, अंडी घालून झाली की कासवं परत त्या जागेकडे येत नाहीत.’’ ते खरं आहे. तरी खोक्यातली माती मी तिने केली होती तशीच हाताने सपाट केली.

सकाळी टोपलीत सोडल्याबरोबर ठमीने भोपळ्याची फोड माझ्या हातातून ओढून घेतली. वीस मिनिटांत दोन फोडी आणि चार गांडुळं खाल्ली, आणि हौदात परत सोडल्यावर कोपऱ्यातल्या ओट्यावर चढून मागचे पाय ताणून बसली.